ऑपरेशननंतरचा ताप : अत्यवस्थ रुग्ण आणि बुरशीचा संसर्ग

(पेण व रोहा येथील आरोग्यविषयक सभांत केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेने आम्हांला आरोग्यावर चार शब्द बोलण्याची संधी दिली, त्याबद्दल प्रथम आम्ही आभार मानतो. आम्ही म्हणजे रुग्णालयात काम करणारी काही मंडळी. आमच्यात परिचारिका आहेत, रक्त-लघवी तपासणारे तंत्रज्ञ आहेत, शस्त्रक्रियागृहात काम करणारेही आहेत. हे भाषण आम्ही सर्वांनी मिळून तयार केले आहे. विषय थोडा रुक्ष वाटेल; परंतु तो आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचलेला आहे, म्हणून आपण तो शांतपणे ऐकून घ्यावा, अशी विनंती आहे.

आपल्याकडे एखाद्या घरी समाचाराला गेले की एक वाक्य हमखास कानी पडते. "ऑपरेशन चांगले झाले होते हो, पण पुढे ताप हटला नाही आणि माणूस गेला." मग कोणी म्हणते डॉक्टर चुकला, कोणी म्हणते औषध हलके दिले, आणि आजच्या काळातही कोणी करणीचे नाव घेते. अशा मृत्यूंची कारणे अनेक असतात. त्यांतील एका कारणाविषयी समाजात फारसे बोलले जात नाही. ते कारण म्हणजे बुरशी.

बुरशी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? पावसाळ्यात भाकरीवर आलेला हिरवा थर, बरणीतल्या लोणच्यावरची पांढरी साय. भातलावणीत दिवसभर चिखलात उभे राहिल्यावर पायाच्या बोटांत होणाऱ्या चिखल्या आपल्या आया-बहिणींना नव्या नाहीत. नायटा, गजकर्णही आपल्या परिचयाचे आहेत. हे आजार त्रास देतात, पण जिवावर सहसा बेतत नाहीत. त्यामुळे 'बुरशीने माणूस दगावला' असे सांगितले तर लोकांना ते खरे वाटत नाही.

परंतु बुरशीची एक जात आपल्या शरीरातच राहते. तिचे नाव कँडिडा. पावाचे पीठ फुगवणारे यीस्ट असते, त्याच प्रकारची ही सूक्ष्म पेशी आहे. निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात आणि कातडीवर ती थोड्या प्रमाणात असते व कोणाचे काही बिघडवत नाही. तान्ह्या बाळाच्या जिभेवर कधी कधी दह्यासारखा पांढरा थर येतो, तो हिचाच. आतड्यात असंख्य जिवाणू असतात. ते जागा आणि अन्न व्यापून बसतात, म्हणून कँडिडाला फार वाढता येत नाही. शिवाय आतड्याचे अस्तर आणि रक्तातील पांढऱ्या पेशी तिला आत शिरू देत नाहीत. हे सर्व अडथळे जेव्हा एकाच वेळी मोडतात, तेव्हा हीच बुरशी रक्तात उतरते.

हे कसे घडते ते समजण्यासाठी आपण एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, रोह्याच्या बाजूच्या एखाद्या गावातील पन्नाशीचा गृहस्थ आहे. त्याला मधुमेह आहे, पण गोळ्या नियमित नाहीत. गुडघे दुखतात म्हणून तो दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खातो. अशा गोळ्यांनी जठराला व्रण पडतो आणि एके दिवशी तो व्रण फुटतो. पोटात एकाएकी असह्य कळ येते. घरातली माणसे वायगोळा समजून पोट चोळतात, ओवा देतात. दीड दिवस असाच जातो. मग गाडी करून रुग्णालय गाठले जाते. तोपर्यंत पोट लाकडासारखे कडक झालेले असते आणि जठरातील सर्व घाण पोटाच्या पोकळीत पसरलेली असते. त्या घाणीत जिवाणू असतात, तशी कँडिडाही असते.

ऑपरेशन होते, छिद्र शिवले जाते, पोट धुतले जाते. पण विष अंगात भिनलेले असल्याने रुग्णाला अतिदक्षता विभागात ठेवावे लागते. मानेतील मोठ्या शिरेत नळी, लघवीची नळी, नाकातून पोटात नळी, श्वासासाठी यंत्र, अशा स्थितीत तो पडून असतो. जिवाणू मारण्यासाठी भारी अँटिबायोटिक सुरू होते, आणि ते आवश्यकच असते. मात्र अँटिबायोटिक जिवाणूंना मारते, बुरशीला मारत नाही. जिवाणू मेले की त्यांची जागा रिकामी होते आणि बुरशीला रान मोकळे मिळते. तोंडाने जेवण नाही म्हणून शिरेतून अन्न दिले जाते. त्या नळीवर बुरशीचा चिकट थर धरतो. रक्तातील साखर वाढलेली असते. टाके सुटून पुन्हा गळती झाली व दुसऱ्यांदा पोट उघडावे लागले, तर धोका आणखी वाढतो. आठवडा उलटतो, ताप मात्र कमी होत नाही. अँटिबायोटिक बदलले जाते तरी फरक पडत नाही. या ठिकाणी बुरशीचा विचार करावा लागतो.

केवळ जठर फुटलेल्या रुग्णालाच हे होते असे नाही. मुंबई-गोवा महामार्गावरील अपघातात पोटाला मार बसलेला रुग्ण, कारखान्यात किंवा घरी स्टोव्हने मोठ्या प्रमाणात भाजलेला रुग्ण, विषमज्वरात आतड्याला छिद्र पडलेला रुग्ण, दारूमुळे स्वादुपिंडाला सूज येऊन ते सडू लागलेला रुग्ण, मूत्रपिंड बंद पडून डायलिसिसवर असलेला रुग्ण, या सर्वांना हा धोका संभवतो. स्पेनमधील डॉक्टरांनी २००६ साली अतिदक्षता विभागातील रुग्णांसाठी एक गुणपद्धत मांडली. तीत चार गोष्टी पाहतात : शस्त्रक्रिया झाली आहे काय, अन्न शिरेतून दिले जाते काय, शरीराच्या एकाहून अधिक ठिकाणी कँडिडा सापडली आहे काय, आणि जंतुदोष तीव्र स्वरूपाचा आहे काय. यांतील जितक्या अधिक गोष्टी एकत्र येतील, तितका संशय अधिक.

आपल्या देशात या रोगाचे प्रमाण काय, याचा मोठा अभ्यास २०११-१२ साली झाला. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील डॉ. अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील २७ अतिदक्षता विभागांतील माहिती गोळा केली व ती २०१५ साली प्रसिद्ध केली. रक्तात कँडिडा सापडलेले १४०० रुग्ण त्यात होते. दाखल झाल्यापासून साधारण आठव्या दिवसाच्या सुमारास हा संसर्ग दिसून आला. शंभरातील सुमारे ४५ रुग्ण तीस दिवसांच्या आत दगावले. हे सर्व मृत्यू केवळ बुरशीने झाले असे नव्हे, कारण मूळ आजारही गंभीर होता. तरीही हा आकडा मन सुन्न करणारा आहे. पाश्चात्त्य देशांत कँडिडा अल्बिकन्स ही जात अधिक आढळते. आपल्याकडे या अभ्यासात कँडिडा ट्रॉपिकॅलिस अधिक, म्हणजे शंभरात सुमारे ४२ रुग्णांत आढळली.

आता निदानाची अडचण पाहू. या रोगाला स्वतःचे असे लक्षण नाही. ताप, रक्तदाब उतरणे, लघवी कमी होणे ही लक्षणे जिवाणूंच्या रोगातही असतात. त्यासाठी रक्ताचा कल्चर करावा लागतो, म्हणजे रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालून त्यात काही उगवते का हे पाहावे लागते. बुरशी उगवायला दोन-तीन दिवस लागू शकतात. शिवाय आतल्या अवयवांत बुरशी असूनही जवळजवळ निम्म्या रुग्णांत रक्ताचा कल्चर कोरा येतो. रक्तातील बुरशीच्या भिंतीचा अंश मोजणारी एक तपासणी आहे, पण ती सर्वत्र उपलब्ध नसते. म्हणून पुष्कळदा अहवालाची वाट न पाहता, धोक्याची कारणे पाहूनच औषध सुरू करण्याचा निर्णय डॉक्टरांना घ्यावा लागतो. येथे उशीर झाला तर मृत्यूची शक्यता वाढते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लघवीत किंवा थुंकीत कँडिडा आली म्हणजे तो रोगच, असे नाही. नळी घातलेल्या रुग्णाच्या लघवीत ती नुसती वस्तीला असू शकते. प्रत्येकाला बुरशीचे औषध दिले, तर त्या औषधाला न जुमानणारी बुरशी तयार होते. तेव्हा नातेवाइकांनी डॉक्टरांकडे अमुक इंजेक्शन द्याच, असा हट्ट धरू नये.

औषधांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९५० साली अमेरिकेतील एलिझाबेथ हेझन आणि रॅचेल ब्राऊन या दोन शास्त्रज्ञ महिलांनी मातीतील सूक्ष्मजीवापासून निस्टॅटिन हे बुरशीनाशक शोधले आणि त्याच्या स्वामित्वधनाचा पैसा शास्त्रीय संशोधनासाठी देऊन टाकला. त्याच दशकात व्हेनेझुएलातील मातीमधून अँफोटेरिसिन-बी मिळाले. ते आजही वापरात आहे. आपल्या महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. पुण्याजवळील पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याच्या नावातही पिंपरी आहे. हॅमायसिन तोंडातील व कातडीवरील बुरशीसाठी उपयोगी पडले. रक्तात उतरलेल्या बुरशीसाठी मात्र शिरेतून देण्याची औषधे लागतात. त्यांत फ्लुकोनॅझोल स्वस्त आहे. कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन या गटातील औषधे गंभीर रुग्णाला प्रथम दिली जातात. ती महाग आहेत. अँफोटेरिसिन प्रभावी, पण मूत्रपिंडाला त्रासदायक. त्याचा कमी त्रासाचा प्रकार आहे, तोही महाग.

नुसते औषध देऊन भागत नाही. मानेतील नळी शक्य तितक्या लवकर काढावी लागते. पोटात पू साचला असेल तर तो बाहेर काढावा लागतो. रक्ताचा कल्चर कोरा आल्यानंतरही निदान दोन आठवडे औषध चालू ठेवावे लागते. बुरशी डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचू शकते, म्हणून डोळेही तपासावे लागतात. ताप उतरला म्हणून औषध मध्येच थांबवून रुग्णाला घरी नेणे घातक ठरू शकते.

अलीकडे या रोगात एका नव्या बुरशीची भर पडली आहे. २००९ साली जपानमध्ये एका वृद्धेच्या कानातून कँडिडा ऑरिस ही जात प्रथम सापडली. २०१३ साली भारतातील रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. फ्लुकोनॅझोल तिच्यावर बहुधा चालत नाही. ती खाटेच्या कठड्यावर, टेबलावर, यंत्रांवर दीर्घकाळ जिवंत राहते आणि हातांवाटे एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाते. काही नेहमीची जंतुनाशके तिच्यावर अपुरी पडतात. क्लोरीनच्या द्रावणाने पुसावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये १९ घातक बुरशींची यादी जाहीर केली, त्यात ही जात सर्वांत धोकादायक गटात आहे. अतिदक्षता विभागात फरशी व खाट पुसणारी आमची सफाई कामगार भगिनी रुग्णाचा जीव वाचवण्यात डॉक्टरांइतकीच भागीदार आहे, हे यावरून ध्यानात यावे.

येथे कोणाला २०२१ सालची काळी बुरशी आठवली असेल. तो म्युकरमायकोसिस, कँडिडाहून निराळा रोग. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रात अनेकांचे जबडे व डोळे त्यापायी काढावे लागले. वाढलेली साखर आणि स्टेरॉईडचा अतिरेक ही त्याची मोठी कारणे होती. या गटातील काही बुरशी मातीत असतात. त्यांतील एक जात तर १९७९ साली भारतातील आमराईच्या मातीतून प्रथम वर्णन केली गेली. अपघातात माती भरलेली खोल जखम झाली, किंवा अस्वच्छ सुईने इंजेक्शन दिले, तर ती आत शिरू शकते. जखमेच्या कडा काळ्या पडून भराभर पसरू लागल्या, तर तास-दोन तासही दवडू नयेत. सडलेला भाग शस्त्रक्रियेने काढणे हाच तिच्यावरील मुख्य उपाय आहे. शेतात किंवा रस्त्यावर झालेली जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने भरपूर धुवावी. तिच्यावर माती, शेण, हळद, तंबाखू काहीही लावू नये.

आता आपण आपल्या भागाकडे येऊ. पेणला व रोह्याला सरकारी रुग्णालये आहेत, जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. परंतु दोन-तीन आठवडे अतिदक्षतेची गरज लागली की आपला रुग्ण पनवेल, कामोठे, नवी मुंबई किंवा मुंबईला न्यावा लागतो. म्हणजे आपला रुग्ण दोन-तीन दवाखाने फिरून शेवटच्या ठिकाणी पोहोचतो. तेथील डॉक्टर विचारतात, आतापर्यंत कोणते औषध दिले? किती दिवस? स्टेरॉईड दिले होते काय? आणि उत्तर मिळते, "पांढरी गोळी होती आणि लाल बाटली." अशा उत्तराने बुरशीचा संशय घ्यायचा की नाही, हे ठरवणे कठीण होते. म्हणून आमच्या पुढील सूचना आपण मनावर घ्याव्यात.

पहिली : पोटात सतत कळ येत असेल, पोट कडक झाले असेल, उलट्या थांबत नसतील, तर चोळणे, एरंडेल देणे, वाट पाहणे बंद करा. १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णालय गाठा. पोटातील घाण जितकी कमी काळ राहील, तितके पुढचे संकट लहान.

दुसरी : घरातील प्रत्येक माणसाच्या नावाची एक पिशवी ठेवा. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल, औषधांची रिकामी वेष्टनेसुद्धा तीत टाका. रुग्णाबरोबर ती पिशवी गेलीच पाहिजे. आमच्या मते या सर्व सूचनांत हीच सर्वांत सोपी आणि सर्वांत उपयोगी आहे. एका दवाखान्यातून दुसरीकडे नेताना औषधांची यादी व केलेल्या कल्चरचे कागद मागून घ्या. तो आपला हक्क आहे.

तिसरी : सर्दी-तापाला दुकानातून अँटिबायोटिक आणि सांधेदुखीला स्टेरॉईडच्या पुड्या घेण्याची सवय सोडा. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा.

चौथी : अतिदक्षता विभागात गर्दी करू नका. रुग्णाला भेटायला वाडीतून टेम्पो भरून जाण्यामागे प्रेमच असते, हे आम्ही जाणतो. पण प्रत्येक जण आत जाऊन रुग्णाला हात लावतो, नळी सरळ करतो, खाटेवर बसतो. एक-दोघांनीच जावे, आत जाताना आणि बाहेर येताना हात धुवावेत. प्रसूतीच्या खोलीत शिरण्यापूर्वी डॉक्टरांनी हात धुतले की बाळंतिणी वाचतात, हे व्हिएन्नाच्या सेमेलवाइस यांनी १८४७ सालीच दाखवून दिले होते. बाकीच्या मंडळींनी रक्तदान करावे, रुग्णाच्या घरी धान्य पोहोचवावे, मुलांकडे पाहावे. त्याची गरज अधिक असते.

पाचवी : डॉक्टरांना आदराने, पण न घाबरता प्रश्न विचारा. रक्ताचा कल्चर पाठवला आहे काय व त्यात काय आले? ताप आठवडाभर आहे, तर बुरशीचा विचार झाला आहे काय? कोणकोणत्या नळ्या घातल्या आहेत आणि त्या कधी निघतील? तोंडाने किंवा पोटातील नळीने अन्न कधी सुरू होईल? प्रश्न विचारणारा मनुष्य भांडखोर नसतो. समंजस डॉक्टर अशा नातेवाइकाला वेळ देतात. आणि रुग्णालयात काम करणाऱ्या आम्हा मंडळींचेही कर्तव्य आहे की उत्तर साध्या मराठीत द्यावे, कागदावर सही घेण्यापुरते नातेवाइकांना बोलावू नये.

खर्चाचा प्रश्न शेवटी येतो, पण सामान्य कुटुंबाला तोच प्रथम भेडसावतो. जमीन गहाण टाकून, मंगळसूत्र मोडून औषधे आणलेली कुटुंबे आपल्यात आहेत. २०१२ साली राज्य सरकारची जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला रायगड होता. आज तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. दाखल होतानाच त्याला भेटा, रेशनकार्ड व आधारकार्ड दाखवा, आणि बुरशीवरील महागडे औषध व अतिदक्षतेचे दिवस योजनेत बसतात काय, हे स्पष्ट विचारून घ्या. बिल हाती आल्यावर विचारणे उशिराचे ठरते.

बंधू-भगिनींनो, सर्व उपचार वेळेवर होऊनही काही रुग्ण वाचत नाहीत. अशा वेळी त्या कुटुंबाला कारण माहीत असावे, हेही महत्त्वाचे आहे. कारण कळले नाही की घरात भांडणे होतात, सुनेला पांढऱ्या पायाची म्हटले जाते, देवऋष्याकडे पैसा जातो. रोगाचे नाव कळले की निदान हा अन्याय तरी टळतो.

संस्थेच्या कार्यकर्त्यांना आमची एक विनंती आहे. पुढील पावसाळ्यापूर्वी आपापल्या वाडी-वस्तीवर घरोघरी जाऊन कागदांची पिशवी तयार आहे का, एवढेच पाहावे. मधुमेह कोणाला आहे, त्याची औषधे कोणती, हे एका कागदावर लिहून त्या पिशवीत ठेवावे. शाळकरी मुलेसुद्धा हे काम करू शकतील. आमच्यापैकी कोणालाही हाक मारा, आम्ही सुटीच्या दिवशी येऊन मदत करू.